जबड्याच्या पत्रकाची पहिली प्रत

सूड घ्यायचा तर छापून घ्यावा, असं आमच्या घरात मानतात. हाणामारी लोक आठवड्यात विसरतात. पत्रक घराघरात पडून राहतं. कुणी त्यात फुटाणे बांधतं, कुणी ते पेटीच्या तळाशी अंथरतं, आणि पाच वर्षांनी पेटी उघडली की ते पुन्हा वाचलं जातं.

बाबांनी सगळं आयुष्य रायपूरच्या उरला कारखाना-वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये चिमट्याने लाल सळया ओढल्या आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं लिहिली. मिलमध्ये हातमोजे मिळत नाहीत यावर, आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, नळावर, रेशनच्या दुकानावर, आमच्या पोरांना मागच्या बाकावर बसवणाऱ्या मास्तरावर. मी अक्षरं शिकले ती याच कागदांवर. आमच्या विहारात पत्रकांचा एक रिवाज आहे. लिहिणाऱ्याने रविवारी सकाळी सगळ्यांसमोर उभं राहून पत्रक मोठ्याने वाचायचं. समोर आत्या बसते. ती कुणाचीच सख्खी आत्या नाही. रेल्वेच्या दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेली म्हातारी आहे, आणि लाल पेन्सिल तिच्या हातात असते. एखाद्या वाक्यावर संशय आला की ती एकच प्रश्न विचारते, "पाह्यलं का?" लिहिणाऱ्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नसेल, तर वाक्य जातं. खरं असलं तरी जातं. मग पत्रक छापून आलं की पहिली प्रत लिहिणाऱ्याने स्वतः नेऊन ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्या हातात द्यायची, त्यानंतरच बाकीच्या वाटायच्या. माणसाच्या पाठीमागे काही करायचं नाही, असं बाबा म्हणतात. त्यांचं हे म्हणणं मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहून ठेवते आहे.

माझा खालचा जबडा वरच्याच्या पुढे आहे. तोंड मिटलं की खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर येतात. शाळेत मला 'उल्टा टिफिन' म्हणायचे, कारण माझं झाकण डब्याच्या आत जात होतं. असं म्हणणारे तिघं होते आणि तिघांचीही तोंडं माझ्या लक्षात आहेत. पुढे मी गोल बाजाराजवळच्या एका छापखान्यात अक्षरजुळणीला लागले. त्या तिघांपैकी एकाची लग्नपत्रिका आमच्याकडे आली. प्रूफ तपासताना त्याच्या मोठ्या मामाचं नाव गळल्याचं मला दिसलं. मी ते तसंच राहू दिलं. ऐकलं की मामा लग्नात जेवला नाही.

पण चिडवण्यापेक्षा खाण्याचा त्रास मोठा होता. पुढच्या दातांनी मला काहीच तोडता यायचं नाही. बिही, म्हणजे रायपूरचा पेरू, सगळं जग दात रुतवून खातं. मला तो तोंडाच्या एका कोपऱ्यात सरकवून दाढांनी कुरतडावा लागे. दुसरा त्रास बोलण्याचा. मोठ्याने वाचायला लागलं की माझा 'स' शिट्टी होऊन सुटायचा आणि मागे बसलेली पोरं हसायची. म्हणून माझी पत्रकं बाबा वाचायचे. लिहायची मी, उभे राहायचे ते. रिवाजातून एवढी सूट मला एकटीलाच होती, आणि मला तिची लाज वाटायची. जबडा नीट करायचा तो दिसण्यासाठी, असं नातेवाइकांना वाटलं. मला मात्र माझं लिहिलेलं माझ्या तोंडाने वाचायचं होतं.

तेविसाव्या वर्षी, छापखान्यात कायम झाल्यावर, मी समता कॉलनीतल्या एका दाताच्या क्लिनिकमध्ये गेले. बाबा सोबत होते. डॉक्टरांनी गुलाबी लगद्याने भरलेला साचा माझ्या तोंडात कोंबला आणि तो घट्ट होईपर्यंत नाकाने श्वास घ्यायला लावला. त्यावरून माझ्या दातांची पांढऱ्या प्लास्टरची प्रतिकृती झाली. बाजूने एक्स-रे काढला. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "पापा, आप ज़रा अंदर आइए, फॉर्म भरना है।" बाबा आत गेले. मी बाहेरच्या बाकावर एका बारशाच्या पत्रिकेचं प्रूफ तपासत बसले.

नंतर मला आत बोलावलं. मी सरळ विचारलं, "सर, ऑपरेशन करना पड़ेगा क्या?"

डॉक्टरांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे बेटा, तार से हो जाएगा।"

रस्त्यात मी बाबांना विचारलं, "एवढा वेळ काय म्हणत होते?"

"काही नाही वं. तारच लावू म्हणे. कागद पाहून घेतले मी."

आमच्या घरात कागद बाबा पाहतात. विजेचं बिल असो, घराचा उतारा असो, माझा शाळेचा दाखला असो, बाबांनी पाहिला म्हणजे तो पाहिला गेला. दुसऱ्यांना 'सही करण्याआधी वाचा' असं छापून वाटणारी मी, माझ्याच तोंडाचा कागद न वाचता खुर्चीवर आडवी झाले.

अडीच वर्षं तार होती. खालच्या सुळ्यांमागची एकेक दाढ काढली, म्हणजे पुढच्या दातांना मागे सरकायला जागा मिळेल. वरच्या दाढेपासून खालच्या सुळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना रबर ताणलेले असायचे. छापखान्यात गिऱ्हाइकाशी बोलताना एखादा तुटायचा आणि काउंटरवर उडायचा. त्या दिवसांत बाबा संध्याकाळी बिहीच्या बारीक फोडी करून, मीठ-तिखट लावून माझ्यापुढे ठेवायचे. मी कधी मागितल्या नव्हत्या. बाप माया करतो, असं मला वाटायचं.

शेवटी खालचे दात जिभेकडे झुकले, वरचे ओठाकडे, आणि दोन्हींच्या कडा कशाबशा एकमेकींना टेकल्या. डॉक्टरांनी फोटो काढला. "देखो, हो गया ना!" जबडा जिथे होता तिथेच होता. खालच्या दोन दातांची हिरडी इतकी उतरली की मुळं दिसायला लागली. तार काढून वर्ष व्हायच्या आत कडा पुन्हा सुटल्या, आणि सकाळी उठले की कानापुढचा सांधा ठणकायला लागला. 'स' अजून शिट्टीच होता.

मग मी एकटी सरकारी दवाखान्यातल्या जबड्याच्या सर्जनकडे गेले. पन्नाशीची बाई, बोलायला तोडून टाकल्यासारखी. तिने तोंड उघडायला लावलं, मिटायला लावलं, बाजूने पाहिलं.

"किसने बोला था तार से होगा?"

मी सांगितलं.

"दाँत रेल के डिब्बे हैं, जबड़ा पटरी है। डिब्बा टेढ़ा हो तो तार सीधा कर देता है, बड़ी उम्र में भी। पटरी थोड़ी-सी खिसकी हो तो भी डिब्बे झुकाकर काम चला लेते हैं, मरीज़ जानबूझकर चुने तो उसमें बुराई नहीं। तुम्हारी पटरी बहुत खिसकी है। इसमें डिब्बे झुकाओगे तो डिब्बे ही गिरेंगे।"

पुढचं तिने तितक्याच कोरडेपणाने सांगितलं. आता आधी अडीच वर्षांचं काम उलटं करावं लागेल. झुकवलेले दात पुन्हा तारेने आपापल्या हाडावर उभे करायचे, म्हणजे माझा जबडा आहे त्याहून पुढे दिसेल. मग तोंडाच्या आतून हाड कापून, वरचा जबडा पुढे आणि खालचा मागे नेऊन पट्ट्या-स्क्रूंनी बसवायचा. काही आठवडे पातळ खाणं. खालचा ओठ बधिर होईल, बहुतेकांचा हळूहळू येतो, काहींचा पूर्ण येत नाही. "सोच लो। और वहाँ से पुराना मॉडल और पहला एक्स-रे ले आओ। दाँत असल में कहाँ खड़े थे, मुझे देखना है।"

मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि तिथेच मोबाइलवर पत्रकाची पहिली ओळ लिहिली. सूडासारखी झोप उडवणारी गोष्ट दुसरी नाही. आठवडाभर मी जेवताना, चालताना, दुसऱ्यांच्या पत्रिका जुळवताना तेच लिहीत होते. त्या डॉक्टरच्या दारात रांग लागलेली असेल आणि प्रत्येकाच्या हातात माझा कागद असेल, हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलं की त्या रांगेतल्या लोकांचे कपडेसुद्धा मला माहीत होते.

रविवारी विहारात नेहमीप्रमाणे बाबा वाचायला उभे राहिले. चांगलं वाचत होते. दाढा काढल्या, हिरडी उतरली, सगळं ठणठणीत आवाजात. मग हे वाक्य आलं: "ऑपरेशनचाही मार्ग आहे, हे त्या डॉक्टरने आमच्या घरात कुणालाच सांगितलं नाही." इथे त्यांचा आवाज खाली गेला. मला वाटलं, संतापाने.

आत्याने पेन्सिल उचलली. "पाह्यलं का?"

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "मले नाही सांगतलं आत्या, हे तं खरं हाय ना."

"तुले नाही सांगतलं, हे तुनं पाह्यलं. कुणालेच नाही, हे कुठून आणलं? तू काय त्याच्या खिशात बसली होती?"

लोक हसले. मी बाबांकडे पाहिलं. ते वाद घालतील असं वाटलं होतं. माझ्या एकेका शब्दासाठी ते आत्याशी तास-तास भांडलेले आहेत.

"काट आत्या ते," बाबा म्हणाले.

"अन् खालचं? 'त्याले माहीत होतं', हे?"

"तेबी काट."

मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता. पोरीच्या बाबतीतही माणूस रिवाज मोडत नाही, म्हटलं. तो अभिमान आठवला की आजही माझे कान तापतात.

आत्याने कागद परत दिला. "जाय, कागद घेऊन ये त्याच्याकडचे. पाहून ये, मंग लिव्ह."

कागद तर सर्जनलाही हवे होते. दुसऱ्या दिवशी मी क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टर ओळखीचं हसले. "अरे बेटा, स्माइल कैसी है?"

"गिर गई, सर। मॉडल और पहला एक्स-रे चाहिए।"

"मॉडल तो हम रखते नहीं। जगह कहाँ है?"

त्यांच्या डोक्यामागे कपाटात छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती, प्रत्येकावर नंबर. माझा नंबर अडीच वर्षं माझ्या अपॉइंटमेंटच्या कार्डावर होता. "वो रहा," मी म्हटलं. "नीचे से दूसरी लाइन, बाएँ से चौथा।" काउंटरवरची दीदी डॉक्टरांकडे न पाहताच उठली, स्टूल ओढलं, खोकं काढून माझ्या हातात दिलं आणि परत जाऊन बसली. तिलाही काहीतरी हिशेब चुकता करायचा असावा. मी विचारलं नाही.

खोक्यात माझे दात होते. तार लागण्याआधीचे, खालचे सरळ उभे, वरच्यांच्या पुढे, जसे मला जन्माने मिळाले तसे. त्यांच्याखाली एक्स-रे आणि एक दुमडलेलं कार्ड. कार्डावर इंग्रजीत तीन ओळी होत्या. दोष जबड्याच्या हाडात आहे. शस्त्रक्रियेचा सल्ला वडिलांना समजावून सांगितला. वडिलांचा नकार, फक्त तार करावी, मुलीला सांगू नये. खाली सही होती. 'र'च्या शेपटीखाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ही सही मी आयुष्यभर प्रत्येक पत्रकाच्या कच्च्या प्रतीवर पाहिली आहे.

"आपके पिताजी ने ही मना किया था," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका झाल्याचा आनंद होता.

"मैं तेईस साल की थी, सर।"

"बेटा, घर का मामला था।"

"मुँह मेरा था। मैंने आपसे सीधा पूछा था, आपने मेरे मुँह पर झूठ बोला।"

"झूठ नहीं, वो तो तुम डर न जाओ इसलिए..."

मी खोकं छातीशी धरून बाहेर आले. बसमध्ये ते मांडीवर ठेवलं होतं आणि खड्ड्यात बस उडाली की आत माझे दोन जबडे एकमेकांवर आपटायचे.

घरी बाबा बिही चिरत होते. मी कार्ड त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी चष्मा शोधायचं नाटक केलं नाही. सही लांबूनही ओळखू येते.

"काहून?" मी विचारलं.

बाबांनी सुरी फळातून काढली. "मिलमध्ये एक जण होता, माह्या जोडीले. सळई उसळली अन् जबडा फुटला त्याचा. डॉक्टरनं दोन्ही जबडे तारेनं बांधून टाकले. दीड महिना मीच दाळीचं पाणी पाजलं त्याले, नळीनं. त्याले रडू ये तं तोंड उघडता नाही ये. नाकातून रडे तो." त्यांनी सुरी खाली ठेवली. "डॉक्टर म्हणे हाड कापू. मले तोच दिसला. तुह्या तोंडाच्या जागी."

"मंग मले सांगाचं ना हे."

"तुले सांगतलं असतं तं तू हो म्हटली असती."

"म्हटलंच असतं!"

"म्हणूनच नाही सांगतलं."

त्यांची भीती मला समजली. मी दगड नाही. पण शेवटचं वाक्य मला समजूनही घ्यायचं नव्हतं. हातमोजे न देणारा मालक हेच म्हणतो, की कामगारांना विचारलं तर ते हो म्हणतील. बाबांनी त्याच्यावर चार पत्रकं काढली होती, आणि घरी येऊन माझा मालक झाले होते.

"अन् काल विहारात? उभं राहून वाचून राहिले होते तुम्ही! 'काट आत्या' म्हटलं. 'मी पाह्यलं' काहून नाही म्हटलं?"

त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. मी ताटलीतल्या फोडी तशाच ठेवल्या, टोपलीतला अख्खा बिही घेतला आणि त्यांच्यासमोर बसून कोपऱ्यातल्या दाढांनी कुरतडला, जितका आवाज करता येईल तितका करून. सांधा दुखत होता. तरी पूर्ण संपवला. त्यानंतर मी त्यांनी चिरलेलं एकही फळ खाल्लं नाही. ते रोज चिरत राहिले. ताटली रोज तशीच परत जायची, फोडी काळ्या पडून. आई म्हणायची, "किती दिवस चालवान दोघं?" मी म्हणायची, अडीच वर्षं. आणि मी खरंच मोजत होते.

सर्जनकडे मी उलट्या कामाला सुरुवात केली. पुन्हा तार, आणि रबर आता उलट्या दिशेने. जे दात मागे ओढले होते ते पुढे उभे राहायला लागले. चार महिन्यांत मी आरशात शाळेतल्या उल्ट्या टिफिनपेक्षा वाईट दिसायला लागले. छापखान्याचा मालक गिऱ्हाइकांना माझ्याबद्दल हळू आवाजात सांगायचा, "इलाज चल रहा है।" मी पत्रक अकरा वेळा नव्याने लिहिलं. रागात मी तार या वस्तूलाच शिव्या घातल्या होत्या. त्या सगळ्या काढल्या, कारण सर्जनने तसं सांगितलं नव्हतं. ज्याचा दोष दातांत आहे त्याचं तारेने भागतं. हाड जरा चुकलं असेल आणि माणसाला चाकू नको असेल, तर त्याने जाणून-समजून तारेवर भागवावं, त्याच्यावर कुणी हसू नये. पण डॉक्टरला विचारा, दोष दातांत की हाडात? दोन्ही मार्ग विचारा. दोन्हींत काय जाईल ते विचारा. आणि हे ज्याचं तोंड आहे त्याच्यासमोर विचारा. मग एक नवं वाक्य घातलं. ते लिहिताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही.

पुढच्या रविवारी विहारात बाबा सवयीने उठले. मी म्हटलं, "बसा." आणि मी उभी राहिले, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट जबड्यासह, तोंडभर लोखंड घेऊन. पहिल्याच ओळीत 'स' शिट्टी झाला. मागून कुणीतरी हसलं. आत्याने न वळताच म्हटलं, "हसणाऱ्यानं समोर येऊन वाचावं." हसू थांबलं. मी वाचत गेले. थुंकी उडत होती, पहिल्या रांगेतल्या दोघी सरकून बसल्या. मी सावकाश वाचलं, एकही शब्द गिळला नाही. मग ते वाक्य आलं:

"हाडाच्या ऑपरेशनचा मार्ग डॉक्टरने माझ्या बापाला सांगितला, मला नाही; आणि माझ्या बापाने तो माझ्यापासून लपवून माझ्या जागी नकार दिला."

आत्याने पेन्सिल उचलली खरी, पण कागदावर टेकवली नाही. तिने बाबांना तरुणपणापासून पाहिलेलं आहे. तरी तिने विचारलंच. रिवाज तिच्याहून मोठा आहे.

"पाह्यलं का वं?"

"कार्ड पाहिलं," मी म्हटलं. "ते आत काय बोलले ते मी पाहिलं नाही. मी बाहेर होते."

"मंग..." आत्या म्हणाली, आणि पेन्सिल खाली आणली. तिला ते वाक्य काटायचं होतं, हे मला दिसत होतं. माझ्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी.

बाबा उभे राहिले. हात गुडघ्यावर टेकवून, हळू.

"तिनं नाही पाह्यलं. मी पाह्यलं. मी होतो तिथं. राहू दे वाक्य."

ते बसले. वाक्य राहिलं. त्यांच्या शेजारचा माणूस जरासा दूर सरकला आणि मला ते बरं वाटलं. दोन-चार घरांतून त्यानंतर त्यांच्याकडे पत्रक लिहून मागायला कुणी आलं नाही. तेही मला बरं वाटलं. इतकी वर्षं ते मिळवत असलेली किंमत एका वाक्याने उतरली, आणि ते वाक्य माझं होतं.

पहिल्या प्रती या खेपेला दोन होत्या. एक मी घरी बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती घडी न करता घेतली. दुसरी समता कॉलनीत, रांगेत बसलेल्या पेशंटांसमोर. डॉक्टरांनी उभ्या-उभ्या वाचली आणि चेहरा लाल करून म्हणाले, "कोर्ट में घसीटूँगा।"

"इसमें आपका नाम भी नहीं है, सर। झूठ वाली लाइन बताइए, अभी काट देती हूँ। पेन्सिल लाई हूँ।"

त्यांनी पुन्हा वाचली, बोट ठेवत, शेवटपर्यंत. बोट कुठेच थांबलं नाही. पेन्सिल मी काउंटरवर ठेवून आले. दीदीने ती उचलून कानामागे लावली. मग मी क्लिनिकबाहेर, रस्त्याच्या कडेला उभी राहून सगळी दोनशे पत्रकं वाटली. तीन दिवस लागले. आत जाणारा प्रत्येक माणूस हातात माझा कागद घेऊन आत जात होता. मी पाहिलेल्या चित्रातली रांग एवढी लांब नव्हती, पण मला पुरली.

सव्वा वर्ष झालं त्याला. माझे दात आता आपापल्या हाडावर उभे आहेत आणि दोन जबड्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट आहे. ऑपरेशन येत्या आठवड्यात. काल सर्जनने संमतीचा फॉर्म दिला. "मरीज़ के दस्तख़त, और नीचे गवाह। घर का कोई हो तो बुला लो।"

मी बाबांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशाला पेन होतं. फॉर्म दिसताच त्यांनी पेन काढलं.

"पेन ठेवा," मी म्हटलं. "आधी वाचा. मोठ्याने."

"इथं?"

दवाखान्याची पडवी भरलेली होती. सुजलेल्या गालांचे, रुमाल धरलेले लोक बाकांवर बसले होते.

"इथंच. विहारात वाचत होते तसं. उभं राहून."

ते उभे राहिले. फॉर्म हिंदीत होता. त्यांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले. पूर्ण बेशुद्धी. दोन्ही जबड्यांची हाडं कापणं. रक्तस्राव. संसर्ग. पुन्हा ऑपरेशनची शक्यता. एकेक ओळ त्यांच्या त्या पत्रकाच्या आवाजात, आणि बाकावरचे लोक ऐकायला लागले. एका बाईने आपल्या नवऱ्याला गप्प केलं. "निचले होंठ और ठोड़ी में सुन्नपन, जो..." इथे ते थांबले.

"पुढं," मी म्हटलं.

"जो स्थायी भी हो सकता है।" हे ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं. पुन्हा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण तोंड उघडं होतं. त्यांना तोंड उघडता येत होतं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी. मग उरलेल्या सगळ्या, शेवटपर्यंत.

मी फॉर्म त्यांच्या हातातून घेतला आणि एकदा स्वतः वाचला. त्यांच्याच खिशातलं पेन काढून वर सही केली. नंतर खालची जागा बोटाने दाखवली आणि पेन त्यांच्या हातात दिलं. तिथे 'गवाह', म्हणजे साक्षीदार, असं छापलेलं होतं. त्यांनी सही केली, शेपटीखाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

"पाह्यलं का?" मी विचारलं.

"पाह्यलं," बाबा म्हणाले.